एवढा माल, एवढेच तारे

गिरवली आंबेगाव तालुक्यात, खोडद जुन्नर तालुक्यात. मधलं अंतर सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. गिरवलीच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर, पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ही डॉ. गोविंद स्वरूप यांची कल्पना, आणि ही दुर्बीण चालवतं टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं एनसीआरए हे केंद्र. एक दुर्बीण प्रकाश टिपते, दुसरी रेडिओ लहरी. एकीला ढग, दमट हवा, भरलेलं चांदणं काहीच सोसत नाही. दुसरी भर दुपारी आणि भर पावसातही काम करते. माझी कामाची वर्षं या दोघींमध्ये वाटली गेली. माहेर मंचरचं असल्यामुळे रस्ते पाठ होते, एवढाच काय तो फायदा.

विषय मात्र एकच राहिला: ताऱ्यांचा जन्म. वायू आणि धुळीचे प्रचंड ढग स्वतःच्या वजनानं आकसतात, मध्यभाग तापतो, तारा पेटतो, असं आपण शाळेत शिकतो. मीही तेच शिकून या कामाला लागले. त्यातली खरी मेख मला एका शेतकऱ्यानं दाखवली.

खोडदपासून लांबच्या एका अँटेनापाशी गेले होते. शेजारच्या वावरात कांद्याची काढणी चालली होती. बांधावर बसलेल्या काकांनी चहा पुढं केला आणि विचारलं, "ताई, हे यंत्र बघतं तरी काय?"

"तारे ज्याच्यापासून होतात तो वायू."

"लई आहे का?"

"आपल्या एका आकाशगंगेतच शंभर कोटी सूर्य होतील एवढा थंड वायू आहे."

"आन् वर्षाला होतात किती?"

"दोनेक सूर्यांपुरता वापरला जातो."

काका जरा थांबले. "एवढा माल पडून, आन् उठाव एवढाच? मग अडतंय कुठं?"

मी त्यांना काहीतरी ढोबळ उत्तर दिलं. पण परतताना जीपमध्ये लक्षात आलं की झकरमन आणि इव्हान्स या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १९७४ साली नेमका हाच हिशेब मांडला होता. थंड ढगातला वायू गुरुत्वाकर्षणाच्या हवाली केला, तर तो काही दशलक्ष वर्षांत कोसळून संपायला हवा. म्हणजे वर्षाला शेकडो सूर्य. प्रत्यक्षात निघतात दोनेक. एखाद्या ढगातला जेमतेम काही टक्के वायू ताऱ्यात जातो, उरलेला पुन्हा अवकाशात पांगतो. तारे होतात कसे, याचं उत्तर पुष्कळसं हाताशी आहे. अडतंय कुठं, यावर माझ्यासारख्या अनेकांची हयात गेली आहे.

आधी ढगाचा स्वभाव सांगते. ज्या ढगात तारे होतात त्याचं तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याच्या सगळ्यात दाट गाभ्यात एका घन सेंटिमीटरमध्ये दहा हजार ते लाखभर रेणू सापडतात. आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं एवढे रेणू असतात. म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला आपण उत्तम निर्वात म्हणू, त्याहूनही हा ‘दाट’ ढग विरळ. वजनानं शंभरातला एक भाग धूळ: सिलिकेट आणि कार्बनचे मायक्रॉनहून बारीक कण. पण ही एक टक्का धूळच सगळी सोय करते. ती बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश आत येऊ देत नाही, म्हणून आतला वायू थंड राहतो. तिच्या कणांवर हायड्रोजनचे अणू एकमेकांना भेटून रेणू होतात. आणि तीच आमचे डोळे बांधते, कारण आतला प्रकाशही ती बाहेर सोडत नाही. जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये दाखवून दिलं की ढग जितका थंड आणि दाट, तितका त्याचा लहान तुकडाही स्वतःच्या वजनानं कोसळू शकतो. या हिशेबात थंडी पुरेशी आहे, वजन पुरेसं आहे. तरी अडतं.

गिरवलीला माझं काम या अडथळ्यांपैकी एकाचं होतं: चुंबकीय क्षेत्र. ढगातले धुळीचे लांबट कण चुंबकीय रेषांना आडवे राहतात, त्यामुळे ढगामागच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना थोडासा ध्रुवित होतो. थोडासा म्हणजे शेकडा एक-दोन. दुर्बिणीमागे स्फटिकाची एक पट्टी चार वेगवेगळ्या कोनांत फिरवायची, प्रत्येक कोनात छायाचित्र घ्यायचं, आणि चारही चित्रांतल्या तेजाच्या बारीक फरकावरून त्या जागी चुंबकीय रेषा कुठल्या दिशेनं जातात हे काढायचं. एका ताऱ्यामागे एक छोटी रेघ मिळते. नकाशा भरायला शेकडो रेघा लागतात. चंद्राचा विखुरलेला प्रकाश स्वतःच ध्रुवित असतो, म्हणून चांदण्या रात्री या कामाला बाद. जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद. राहिल्या हिवाळ्यातल्या काळोख्या रात्री, त्यातही पहाटे खालच्या धरणांवरून धुकं चढलं की घुमट मिटायचा.

या कामात फार नाट्य नाही. रात्रपाळीला असलेला ऑपरेटर आणि मी, दोघं पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत बसायचो. अंधार पडल्यावर इमारतीबाहेर पायी भटकायचं नाही, हा बिबट्यांमुळे आम्हीच घालून घेतलेला दंडक होता. पण नकाशा भरत गेला तसं एक दिसायला लागलं. ढगाच्या विरळ भागात रेघा शिस्तीत एका दिशेला, आणि ढगाचा काळा लांबट कणा बऱ्याच ठिकाणी त्या रेघांना आडवा. वायू जणू रेषांच्या बाजूनं सहज वाहत आला होता आणि रेषा ओलांडून जाताना त्याला जोर लावावा लागत होता. अडथळा एका जागी अडून बसलेला नव्हता, तो ढगाला आकार देत होता. मला वाटतं, याच नकाशानं मला या विषयात बांधून ठेवलं. त्याआधी मी दुसरीकडे अर्ज करायच्या विचारात होते.

त्याच काळात डोंगरावर एका वेगळ्याच ताऱ्याची चर्चा असायची. २००४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या जे मॅकनील या हौशी निरीक्षकाला अंगणातल्या जेमतेम तीन इंची दुर्बिणीतून मृग नक्षत्रात, मेसिए ७८ या तेजोमेघाजवळ, एक नवा धूसर पट्टा दिसला. आधीच्या छायाचित्रांत तो नव्हता. त्याच्या टोकाशी एक कोवळा तारा होता, व्ही १६४७ ओरायनिस. त्यानं अचानक भोवतालच्या चकतीतला वायू भराभरा गिळायला सुरुवात केली होती आणि त्या उजेडात आजूबाजूची धूळ झळकली होती. दोनेक वर्षांत तो मंदावला. २००८ मध्ये पुन्हा पेटला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मग लडाखमधली हानलेची दुर्बीण आणि आमची गिरवलीची दुर्बीण या दोघींवरून त्याच्यावर पाळत ठेवली. सप्टेंबर २००८ ते मार्च २०१३ या काळात १२४ रात्री त्याचं तेज मोजलं गेलं. त्या कामाशी माझा थेट संबंध नव्हता, पण "आज तो कसा आहे?" हा प्रश्न डोंगरावर घरातल्या आजारी माणसाची विचारपूस करावी तसा ऐकू यायचा.

त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ होतं. पुस्तकातल्या आकृतीत वायू ताऱ्यावर एकसारखा पडत राहतो. खरा तारा असा जेवत नाही. वायू ढगातून येतो तेव्हा स्वतःभोवती फिरत येतो. ती फिरण्याची गती वायूला सरळ आत पडू देत नाही, म्हणून ताऱ्याभोवती चकती तयार होते. चकतीत माल साचतो, मग कधीतरी बांध फुटल्यासारखा आत घुसतो, पुन्हा शांतता. ग्रह होतात तेही याच चकतीत. बरं, आत घुसलेलं सगळं ताऱ्याला मिळतंच असंही नाही. काही भाग दोन्ही ध्रुवांकडून झोतांच्या रूपानं बाहेर फेकला जातो. वृषभ राशीतला डीजी टॉरी हा सूर्यासारखाच, पण अगदी तरुण तारा. त्याच्या झोतापाशी जीएमआरटीला २०१४ मध्ये प्रकाशाच्या जवळपास वेगानं पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या खुणा आढळल्या. एवढ्याशा ताऱ्याकडून ही अपेक्षा कोणी केली नव्हती.

पुढे माझं काम खोडदकडे झुकलं, आणि अडथळ्यांमधला सगळ्यात दांडगा अडथळा मला तिथं भेटला. ढगातून एखादा फार वजनदार तारा निघाला, सूर्याच्या दहा-वीस पट, तर त्याचा अतिनील प्रकाश भोवतीच्या हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उपटून काढतो. उणे २६० अंशांवर बसलेला वायू आठ-दहा हजार अंशांवर जातो. तो फुगतो आणि ज्या ढगानं ताऱ्याला जन्म दिला त्यालाच फाडत सुटतो. एक ते तीन कोटी वर्षांत ढग संपतो. त्यातले असंख्य लहान तारे व्हायचे राहून जातात. हा तापलेला वायू रेडिओ लहरी सोडतो आणि धूळ त्यांना अडवू शकत नाही. म्हणून जे दृश्य गिरवलीहून कधीच दिसलं नसतं ते खोडदहून दिसतं.

इथं जीएमआरटीच्या मांडणीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. ३० पैकी १४ अँटेना मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत दाटीनं आहेत, बाकी १६ तीन बाहूंवर दूरदूर. जवळच्या जोड्या पसरलेला, फिकट वायू पकडतात. लांबच्या जोड्या बारीक तपशील. त्यामुळे एकाच निरीक्षणात ताऱ्याजवळचा कोंदट गोळाही मिळतो आणि त्याच्यापासून सुटून लांब पसरलेली शेपटीही. माझ्या एका ढगात हे फार स्वच्छ दिसलं. एका बाजूला तापलेल्या वायूची कड चाकूनं कापल्यासारखी, कारण तिकडे घट्ट ढग आडवा होता. दुसऱ्या बाजूला वाट मोकळी मिळाल्यामुळे तोच वायू धूमकेतूसारखा लांबवर सांडलेला. अवरक्त चित्रात ढगाचा सगळ्यात झगमगता भाग वेगळ्याच जागी होता. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली तेव्हा कोण कोणाला रेटतंय ते कळलं. एकट्या खोडदनं किंवा एकट्या अवरक्त चित्रानं ते कळलं नसतं.

रेडिओ निरीक्षणाची डोकेदुखी निराळी. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते की जवळपासचा कुठलाही ठिणगीचा आवाज तिला गिळतो. एकदा सलग काही संध्याकाळी माझ्या डेटात एक घाणेरडा पट्टा यायला लागला. दिवसा नाही, पहाटे नाही, फक्त संध्याकाळी. हातातली अँटेना फिरवत दिशा शोधणारी माणसं जीपमधून निघाली आणि एका शेताच्या कडेच्या विजेच्या खांबाशी पोचली. चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला होता, दव पडायला लागलं की ठिणग्या उडत होत्या. वायरमननं तो बदलला आणि आकाश परत मिळालं. मोबाईल टॉवर, मोटारींचे स्टार्टर, स्वस्तातले एलईडी दिवे, सगळ्यांशी असा झगडा चालतो. वळवाच्या दिवसांत वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेला की सगळ्या अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या करतात आणि तुमची निरीक्षणाची वेळ हवेत जाते. ती वेळ सहजी मिळत नाही. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, जगभरातून येतात, निम्म्याहून जास्त वेळा नकार येतो. या क्षेत्रात येऊ बघणाऱ्या मुलांना मी हे आधीच सांगते, कारण आम्ही दाखवतो त्या चित्रांत यातलं काही दिसत नाही.

काकांच्या प्रश्नाला जोडून येणारा दुसरा प्रश्न, म्हणजे माल कुठून येतो, हा माझ्या कामाच्या कक्षेबाहेरचा. पण त्याचं एक उत्तर खोडदहूनच मिळालं, म्हणून सांगते. विश्वात तारे सर्वाधिक वेगानं जन्मत होते ते साधारण एक हजार कोटी वर्षांपूर्वी. त्यानंतर वेग उतरत गेला, आज तो दहाव्या हिश्श्यावर आहे. का? ढग होण्याआधीचा कच्चा माल म्हणजे अणुरूप हायड्रोजन. त्याची २१ सेंटिमीटरची रेडिओ लहर दूरच्या दीर्घिकांमधून इतकी मंद येते की एकेका दीर्घिकेची मोजणं जवळपास अशक्य. एनसीआरए आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र जुळवले आणि सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचं सरासरी मोजमाप काढलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ‘नेचर’मध्ये आलं. निष्कर्ष असा, की त्या दीर्घिका ज्या वेगानं तारे घडवत होत्या त्या वेगानं त्यांचा साठा शंभर ते दोनशे कोटी वर्षांत संपणार होता. कुकडी प्रकल्पाच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे: धरणात साठा किती आणि आवर्तन किती दिवसांचं, हा हिशेब इथं पोराटोरांना येतो. वरून आवक घटली आणि आवर्तन तसंच चालू ठेवलं की काय होतं, तेच दीर्घिकांचं झालं. बाहेरून येणारा वायू खर्चाला पुरेनासा झाला आणि तारे कमी होत गेले.

म्हणजे अडतं ते दोन पातळ्यांवर. ढगाच्या आत चुंबकीय क्षेत्र, वायूची घुसळण, फिरकी, झोत आणि दांडग्या ताऱ्यांची मुजोरी. ढगाच्या बाहेर पुरवठा. यातलं कोणतं किती भारी, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. माझं मत विचाराल तर दांडग्या ताऱ्यांकडे माझा कल आहे. पण गिरवलीच्या नकाशांवर वाढलेल्या माझ्या काही सहकाऱ्यांना ते पटत नाही, आणि त्यांच्याकडेही पुरावे आहेत.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, खोडदला शाळांची जत्रा भरते. आसपासच्या गावांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात, बाया-माणसं अँटेनाखाली उभी राहून वर बघतात. अशाच एका वर्षी सहावीतल्या मुलीनं मला विचारलं, "आपला सूर्य ज्या ढगातून झाला तो ढग कुठं आहे?" मोठ्या माणसांनी हा प्रश्न मला कधीच विचारला नव्हता. तो ढग आता नाही. सूर्य ४६० कोटी वर्षांपूर्वी जन्मला, तेव्हापासून त्यानं आकाशगंगेच्या केंद्राभोवती वीसेक फेऱ्या मारल्या. त्याच्यासोबत जन्मलेली भावंडं केव्हाच पांगली. पण जुन्या उल्कांमध्ये ॲल्युमिनियमच्या एका किरणोत्सारी प्रकाराच्या खुणा आहेत. सात लाख वर्षांत तो निम्मा होतो, म्हणजे सूर्यमाला घडताना तो ताजा असणार. तो बहुधा शेजारच्या एखाद्या दांडग्या ताऱ्यातून आला. मी वर ज्यांना मुजोर म्हटलं, त्यांच्यापैकीच एक आपल्याही शेजारी असावा. मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण वाचलो." हो, ढग फाटायच्या आत आपला सूर्य होऊन गेला.

वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला रात्री मृग नक्षत्र वर असतं. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे सापडले की त्यांच्या खाली एक धूसर ठिपका दिसेल. साध्या द्विनेत्रीतून बघा. तो तेरा-साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ आहे, आणि त्यातले मूठभर तरुण तारे आपल्या जन्माचा ढग याच घटकेला उडवून लावत आहेत.

दुसरी विनंती जुन्नर-आंबेगावच्या लोकांना. गिरवलीचं आकाश दरवर्षी थोडं थोडं उजळतंय, चाकणच्या बाजूनं आणि आपल्या मळ्यांमधूनही. बिबट्याच्या भीतीनं लोक रात्रभर बल्ब लावतात, आणि ते बंद करा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? फक्त बल्बच्या वर पत्र्याचं एक टोपण बसवा. उजेड सगळा खाली, अंगणात आणि गोठ्यात पडतो, आणि वीज तेवढीच लागते.